चष्म्याला टाटा? आधी कॉर्नियाला विचारा!

नंबर घालवणारं लेझर आता शहरात कुठेही मिळतं. पण कोणतं लेझर आणि कितीला, याच्या आधी एक प्रश्न येतो : तुमच्या डोळ्याला ते चालेल का?

पावसात बाईकवर निघालात की चष्म्यावर थेंब. हेल्मेटची काच खाली केली की वाफ. मीटिंगमध्ये गरम चहाचा कप तोंडाशी नेला की समोरचा बॉस धुक्यात गायब. स्विमिंग पूलमध्ये उतरलात की ओळखीचे आणि अनोळखी सगळे सारखेच. आणि सकाळी उठल्या उठल्या उशीखाली चाचपडत चष्मा शोधणं... तो शोधायलाच चष्मा लागतो, हा त्यातला खरा विनोद!

त्यामुळे हातात पहिला बरा पगार आला की अनेकांच्या लिस्टमध्ये बाईक, ट्रिप आणि त्याखाली ‘नंबर काढून टाकणे’ हे असतंच. काही घरांत तर लग्नाची बोलणी सुरू झाली की आईच सुचवते, ‘अगं, आत्ताच करून घे ना ते लेझर!’ मग ऑफिसमधल्या कुणीतरी केलेलं असतं, तो सांगतो, ‘काही नाही रे, दहा मिनिटांचं काम.’ पेपरात फेस्टिव्हल ऑफरची जाहिरात असते. झालं, अपॉइंटमेंट बुक!

दहा मिनिटांचं काम हे खरंच आहे. पण त्या दहा मिनिटांचा निकाल बराचसा आधीच लागलेला असतो, तपासणीच्या खोलीत.

लेझर नेमकं करतं काय?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो म्हणजे कॉर्निया. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून पडद्यावर आणण्याचं दोन तृतीयांश काम तोच करतो. मायनस नंबर असलेला डोळा बहुतेक वेळा प्रमाणापेक्षा थोडा लांब असतो. त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा रेटिनाच्या अलीकडेच तयार होते आणि बसचा बोर्ड पुसट दिसतो. लेझर कॉर्नियाचा मधला भाग किंचित सपाट करतं, की प्रतिमा मागे सरकून जागेवर येते.

सिलिंडरच्या नंबरची गोष्ट वेगळी. कॉर्निया क्रिकेटच्या बॉलसारखा सगळीकडून सारखा गोल असायला हवा. तो एका दिशेने जास्त वळलेला असेल, चमच्याच्या पाठीसारखा, तर अक्षरांना सावली दिसते, दिव्यांना शेपट्या फुटतात. इथे लेझरला एका ठरावीक दिशेने जास्त घासावं लागतं. ही दिशा म्हणजे तुमच्या चष्म्याच्या कागदावर ‘ॲक्सिस’खाली लिहिलेला आकडा. ती दहा अंशांनी चुकली तर सुमारे एक तृतीयांश फायदा वाया जातो, तीस अंशांनी चुकली तर सगळाच. गंमत म्हणजे आपण आडवे झालो की डोळा आपोआप किंचित फिरतो. म्हणून सिलिंडर मोठा असेल तर हा फिरलेला कोन कसा पकडणार, हे डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.

टर्कीच्या तुकड्यापासून सुरुवात

या तंत्राच्या मुळाशी एक मद्रासी माणूस आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेझरवर काम करत होते. 1981च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा लॅबमध्ये नेला आणि त्यावर लेझर मारून पाहिलं. काप इतका स्वच्छ आला की आजूबाजूचा भाग भाजलासुद्धा नाही. पुढे 1983 साली नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर त्यांनी हेच कॉर्नियावर करता येतं हे दाखवलं. 1995मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डोळ्याच्या नंबरसाठी या लेझरला पहिली मान्यता दिली. श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना 2013मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं.

मेन्यूकार्डवर तीन नावं

सेंटरमध्ये गेलात की नावांचा भडिमार होतो. ब्लेडलेस, कॉन्टुरा, प्रीमियम, अमुक प्लस! घाबरू नका, मूळ प्रकार तीनच.

पीआरके : सगळ्यात जुना. कॉर्नियावरची वरची नाजूक साय काढतात आणि खाली थेट लेझर मारतात. साय पुन्हा यायला तीन ते पाच दिवस लागतात, तोवर डोळा चुरचुरतो, पाणी येतं, दुखतं. नजर पूर्ण स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. पण पापुद्रा कापलेला नसतो. त्यामुळे पातळ कॉर्नियावाल्यांना किंवा कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्यांना बरेचदा हाच सुचवला जातो.

लॅसिक : कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उघडायचा, आत लेझर मारायचं, पान परत मिटायचं. पापुद्रा पूर्वी ब्लेडने कापत, आता बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेझरने. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं घड्याळ वाचता येतं, म्हणून हा सगळ्यांचा लाडका. मात्र हे पान पूर्वीइतक्या ताकदीने कधीच चिकटत नाही.

स्माइल : पापुद्रा नाहीच. लेझरने कॉर्नियाच्या आतच एक चकती कोरायची आणि काही मिलीमीटरच्या चिरेतून ओढून काढायची. मायनस नंबरसाठी एफडीएने याला 2016मध्ये मान्यता दिली, सिलिंडरसह 2018मध्ये. यात कॉर्नियाच्या नसा कमी कापल्या जातात. खर्च मात्र बहुधा सगळ्यात जास्त.

महाग ते चांगलं, हा मोबाइलचा फंडा इथे लावू नका. एका डोळ्याला लॅसिक योग्य, दुसऱ्याला पीआरके, तिसऱ्याला काहीच नाही!

हिशेब मायक्रॉनचा

आता थोडं गणित. सोपं आहे, पण सगळा खेळ यातच आहे.

कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जराशी जास्त. एक नंबर काढायला अंदाजे 12 ते 16 मायक्रॉन खर्च होतात. लॅसिकच्या पापुद्र्यात साधारण 110 मायक्रॉन जातात, तेही आधाराच्या कामाचे राहत नाहीत. आणि खाली किमान 250 मायक्रॉन शिल्लक हवेतच. अनेक सर्जन 300च्या खाली जायला तयार नसतात.

समजा, तुमचा नंबर मायनस 6 आणि कॉर्निया 540. पापुद्र्याचे 110 गेले, नंबरचे साधारण 90 गेले, उरले 340. मजेत! तुमच्या मित्राचा नंबर मायनस 8 आणि कॉर्निया 480. पापुद्र्याचे 110, नंबरचे 120, उरले 250. अगदी काठावर. जाहिरात दोघांनी एकच वाचली, ऑफरही एकच, पण उत्तरं दोन.

काठ ओलांडला तर काय होतं? कमकुवत झालेला कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगायला लागतो. याला एक्टेशिया म्हणतात. हे क्वचित होतं, पण झालं तर चष्म्यानेही नीट दिसत नाही. काहींच्या कॉर्नियाची घडणच मुळात कमजोर असते. केराटोकोनस नावाचा हा आजार सुरुवातीला फक्त मशीनलाच कळतो. म्हणून नुसती जाडी मोजून भागत नाही, कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्याही पृष्ठभागाचा नकाशा काढावा लागतो. ही तपासणी न करता कुणी तारीख देत असेल, तर तिथून सरळ बाहेर पडा.

कुणी थांबायचं?

अठराच्या आतले तर नाहीच. त्यानंतरही नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. प्रेग्नन्सीत आणि बाळाला अंगावर पाजत असताना नंबर हलतो, तेव्हाही थांबा. कंट्रोलमध्ये नसलेला डायबेटिस, संधिवातासारखे ऑटोइम्यून आजार किंवा आधीच खूप कोरडे डोळे असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. सिलिंडरचा नंबर दरवर्षी वाढतोय, घरात कुणाला केराटोकोनस आहे, किंवा ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळायची सवय आहे? हे तर सांगितलंच पाहिजे.

आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनो, लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलते. तपासणीआधी साध्या सॉफ्ट लेन्स दोन आठवडे, टोरिक किंवा सेमी-सॉफ्ट तीन, हार्ड चार आठवडे बंद ठेवायच्या. ‘सकाळी काढल्या आणि दुपारी आले’ असं चालत नाही. माप चुकलं की लेझर अगदी अचूकपणे चुकीचं काम करणार!

लेझर चालणार नाही असं कळलं तरी दारं बंद होत नाहीत. मोठ्या नंबरवाल्यांसाठी डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स असते. तिच्या तपासण्या आणि धोके वेगळे. आणि हो, चष्मा हाही एक पर्याय आहेच की. फ्रेम बदला, लुक बदलेल.

दुसऱ्या दिवसापासून

टेबलावर फार काही होत नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात, पापणी उघडी धरायला क्लिप लावतात. लॅसिकमध्ये पापुद्रा कापताना काही सेकंद अंधारल्यासारखं होतं, एक्सायमर चालताना जळका वास येतो. समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं, बस्स.

खरी परीक्षा नंतर. काही आठवडे थेंब वेळेवर घालायचे. डोळे चोळायचे नाहीत. डोक्यावरून अंघोळ, काजळ, आयलायनर, स्विमिंग यांना डॉक्टर सांगतील तोवर सुट्टी. ऑपरेशन गणपतीच्या किंवा रंगपंचमीच्या तोंडावर ठेवू नका, गुलाल डोळ्याला विचारून उडत नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर अजिबात नको.

त्रास किती जणांना होतो? एफडीएने अमेरिकेतल्या इतर दोन सरकारी संस्थांबरोबर लॅसिकच्या पेशंट्सचा अभ्यास केला, तो 2017मध्ये प्रसिद्ध झाला. नजरेबद्दल समाधानी असणारे 95 टक्क्यांहून जास्त निघाले. पण आधी काहीही तक्रार नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलयं, चकाकी असं काहीतरी नवीन दिसत होतं. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी 28 टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवत होता. रोजची कामंच करता येऊ नयेत इतका दृष्टीचा त्रास झालेले एक टक्क्याहून कमी होते.

दोन्ही आकडे एकत्र वाचा. बहुतेक लोक खूश असतात आणि तरीही काहीतरी मोजतात. दिवसभर एसीत बसून स्क्रीनकडे बघणाऱ्याला कोरडेपणा जास्त जाणवणार. रोज रात्री एक्स्प्रेसवेने पुणं-मुंबई करणाऱ्याला समोरच्या गाड्यांच्या हेडलाइटची वलयं जास्त खटकणार. तुमचा दिवस कसा जातो हे डॉक्टरांना सांगा, नुसता नंबर सांगून थांबू नका.

लेझर करूनही न बदलणाऱ्या गोष्टी

एक, चाळिशी. जवळचं वाचायचा चष्मा चाळिशीनंतर लागतोच, लेझरवाल्यांनाही. उलट मायनस 2 नंबरवाला पंचेचाळिशीत चष्मा काढून आरामात पेपर वाचतो, लेझर केलं की ती सोय गेली. तुम्ही आता अडतीसचे असाल, तर हा सौदा नीट समजून घ्या.

दोन, डोळ्याची लांबी. लेझर कॉर्निया बदलतं, डोळा लांबच राहतो. त्यामुळे मोठ्या मायनस नंबरवाल्यांना रेटिना फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही तसाच असतो. थेंब घालून, बाहुली मोठी करून रेटिना तपासायचा, लेझरच्या आधीही आणि नंतर नियमितही. अचानक काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तीन, मोतीबिंदू. तो म्हातारपणी येईलच. तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना तुमच्या मूळ कॉर्नियाची मापं उपयोगी पडतात. म्हणून लेझरच्या आधीचे सगळे रिपोर्ट जपा. फ्लॅटच्या ॲग्रीमेंटच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे हरवणार नाहीत!

चौकट : सही करण्याआधी विचारा

• माझ्या कॉर्नियाची जाडी किती आणि ऑपरेशननंतर किती उरेल?
• पुढच्या-मागच्या पृष्ठभागाच्या नकाशात काही संशयास्पद आहे का?
• माझ्यासाठी हाच प्रकार का? दुसरा का नाही?
• नंबर थोडा परत आला तर पुन्हा करण्याइतका कॉर्निया शिल्लक असेल का? त्याचे पैसे वेगळे का?
• तपासणी, ऑपरेशन आणि नंतरच्या व्हिजिट्स कोण करणार? तेच डॉक्टर की वेगळे?
• इन्शुरन्स : विम्याच्या प्रमाणित वगळण्यांमध्ये 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबरचा उपचार येतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून लेखी विचारून घ्या.
• सैन्यदल, पोलिस, रेल्वे यांची भरती डोक्यात असेल, तर त्या पदाचे मेडिकलचे सध्याचे नियम आधी वाचा. लेझर केलेल्यांसाठी काही ठिकाणी अटी असतात, काही पदांना ते चालतच नाही.

तपासणीला जाताना एक गोष्ट मनाशी पक्की करून जा. डॉक्टर ‘तुम्हाला नको’ म्हणाले, तर हिरमुसून दुसरीकडे ‘हो’ शोधत फिरू नका. दुसरं मत जरूर घ्या, पण रिपोर्ट सोबत घेऊन. ऑफरवाली सेंटर्स खूप आहेत. वेळेवर ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर तपासणीची फी वसूल झाली असं समजा.