मेजर, पेन्शन आहे ना?

अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे येत्या हिवाळ्यात पुरी होत आहेत. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली, त्या वर्षाच्या अखेरीपासून मुले प्रशिक्षण केंद्रांत दाखल झाली. आता चौघांतला फार तर एक सैन्यात राहील, बाकीचे तिघे घरी येतील. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, आर्मर्ड कोअरची शाळा १९४८ पासून आहे आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्रही इथेच आहे. रणगाडा काय आणि बीएमपी काय, ही वाहने चालवणारी, दुरुस्त करणारी माणसे घडवणारा हा जिल्हा. पंचविशीच्या आसपासची ती मुले शिर्डीत, राहात्यात, कोपरगावात काम मागायला निघतील, तेव्हा त्यांना काय मिळेल?

गेल्या महिन्यात इथल्या एका नव्या आस्थापनेची जाहिरात वाचली. मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, स्टोअरकीपर, लेखनिक, वाहनचालक अशी लांबलचक यादी होती. त्यातल्या प्रत्येक कामासाठी सैन्य माणूस तयार करते. पण माजी सैनिकांना प्राधान्य होते ते फक्त शेवटच्या ओळीत, सुरक्षा रक्षकाच्या जागेपुढे. ती ओळ फार लागली. कारण ती मी पहिल्यांदा वाचली २००८ मध्ये, आणि इतक्या वर्षांत तिच्यातला एक शब्दही हललेला नाही.

पूर्वी असे नव्हते का? थोडे वेगळे होते. सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांना साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली, पुढे गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर ते रोखपाल होते. जातीने त्यांच्या वाटेत जे काटे पेरले ते सगळ्यांना ठाऊक आहेत, पण या माणसाला हिशोब येतो आणि पैसा याच्या हाती सुरक्षित राहील एवढे तरी त्या खात्याने ओळखले. १९६२ च्या युद्धानंतर तातडीने घेतलेले अधिकारी त्या दशकाच्या अखेरीस मोकळे झाले, तेव्हा सरकारने प्रशासकीय आणि पोलीस सेवांत त्यांच्यासाठी जागा राखल्या. जवानांसाठी टक्के ठरले. केंद्राच्या गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २०, राज्यात गट क आणि ड मध्ये १५. कागदावर ते आजही आहेत. लायक उमेदवार मिळाला नाही म्हणून त्यातल्या कितीतरी जागा दर भरतीत इतरांकडे वळतात, आणि वीस वर्षे बंदूक व पाना धरलेल्या माणसाने विशीतल्या पोरांबरोबर स्पर्धा परीक्षेला बसायचे कसे, याचा विचार कोणी करत नाही.

त्या जुन्या काळातला एकच माणूस इथे थांबून सांगावासा वाटतो. मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूरचे, आमच्याच ईएमई कोअरचे, म्हणजे लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलाचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्ण मिळवून दिले. टाटांकडून मदतीचा हात पुढे आला तेव्हा त्यांनी देणगी नको, नोकरी द्या म्हणून सांगितले, आणि पुण्याच्या टेल्कोत त्यांनी पुढची कितीतरी वर्षे काम केले. २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा सगळे पदकाबद्दल बोलले. मला मात्र ती टेल्कोची नोकरी मोठी वाटते. कारखान्याने एका जखमी जवानाला फाटकावर मानाने उभे केले नाही, आत घेतले.

२००८ च्या पावसाळ्यात मी ईएमईतून हवालदार म्हणून बाहेर पडलो. सिकंदराबादला शिकलेलो, हयात रणगाड्यांच्या इंजिनांत गेलेली. मनात होते की शिर्डी वाढते आहे, हॉटेले उभी राहत आहेत, प्रत्येकाकडे जनरेटर, बॉयलर, लिफ्ट, गाड्यांचा ताफा. आपल्याला काम कमी पडणार नाही. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, आणि माजी सैनिकाच्या नोकरीचा नकाशा एका रात्रीत बदलला. देवळे, मॉल, रुग्णालये, शाळा, सगळ्यांच्या दारात धातुशोधक चौकटी आल्या. २०१० मध्ये राज्याने सुरक्षा महामंडळाचा कायदा केला. २००२ पासून काम करणाऱ्या मेस्कोकडे, म्हणजे आपल्या माजी सैनिक महामंडळाकडेही, मागणी होती ती मुख्यतः रक्षकांची. आमच्यासाठी नोकऱ्या एवढ्या पूर्वी कधीच नव्हत्या. आणि सगळ्या दारात होत्या.

पहिल्या मुलाखतीतले बोलणे आजही जसेच्या तसे आठवते. मोठे हॉटेल, मालक तालेवार, बोलायला गोड.

"या मेजर, बसा. तुमच्यासारखा माणूस गेटवर असला की आम्हाला चिंता नाही."

मी म्हटले, "साहेब, मी इंजिन मेकॅनिक आहे. तुमचा जनरेटर, गाड्या..."

"आयटीआय आहे का?"

"सैन्याचा ट्रेड आहे, क्लास वन."

"ते आम्हाला कसं कळणार? गेटचं बघा. आणि पेन्शन आहे ना तुम्हाला? मग एवढ्यात भागेल."

पुढच्या दहा वर्षांत हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला. आमच्या गावातला प्रत्येक निवृत्त जवान ऐकत होता. पेन्शन ही देशाने सेवेसाठी दिलेली रक्कम. तिचा हॉटेलमालकाशी, ठेकेदाराशी काय संबंध? पण पगाराची बोली तिथूनच सुरू व्हायची. गावातल्या दुसऱ्या पोराला जे द्यावे लागले असते त्याहून कमी फौजीला देता येते, कारण त्याचे घर सरकार चालवते, असा हा सरळ हिशोब होता. सरकारी पेन्शनीतून खासगी मालकाचा पगारखर्च वाचत होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये वन रँक वन पेन्शनचा आदेश निघाला. जंतरमंतरवर म्हाताऱ्या सुभेदारांनी उपोषणे करून मिळवलेला तो हक्क. त्यानंतर आठवड्याभरात माझ्या ओळखीच्या एका रक्षकाने पगारवाढ मागितली, तर ठेकेदार म्हणाला, मेजर, तुमचं तर आत्ताच वाढलं की.

रात्रपाळी बारा तासांची, सुट्टी मिळाली तर मिळाली, गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापलेले. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. पर्यवेक्षक नेमताना सैन्यात किंवा पोलिसांत किमान तीन वर्षे काढलेल्याला प्राधान्य द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आमच्यावर पर्यवेक्षक होता ठेकेदाराचा भाचा, वय तेवीस. नायक, हवालदार त्याला रोज सकाळी हजेरी द्यायचे. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना रक्षक पुरवायचे तर दिल्लीच्या पुनर्वास महासंचालनालयाची मान्यता आणि तिथले दर पाळावे लागतात, म्हणून तिथली माणसे बरी राहिली. आमच्या बाजारात तसा दर कोणी विचारत नव्हता.

मालक ज्याला शिस्त म्हणत होते, त्याबद्दल त्या दशकात माझे मत कडू झाले ते एका प्रसंगाने. गेटचे काम सोडून मी एका प्रवासी गाडीवाल्याकडे लागलो. शिर्डी, शनिशिंगणापूर, नाशिक अशा फेऱ्या. तिथे मला गाड्यांना हात लावायला मिळाला, मी खूश होतो. रामनवमीच्या गर्दीत एका गाडीचा ब्रेक दबत नव्हता. मी म्हटले, ही गाडी आज निघणार नाही. मालक म्हणाला, माणसं बसली आहेत, फौजी असून घाबरता काय, सांगितलं तेवढं करा.

सैन्यात गाडी नादुरुस्त ठरवण्याचा अधिकार मेकॅनिकचा. हवालदाराने तसे लिहिले की ती गाडी कर्नलसाहेबांची असली तरी जागची हलत नाही. लढाईत बंद पडलेली गाडी माणसे मारते, म्हणून खरे बोलण्याची सक्ती तिथे शिस्तीचाच भाग आहे. वरच्याला तोंडावर चूक सांगणे आणि त्याखाली सही करणे, हेही आम्हाला शिकवलेले असते. बाहेरच्या जगाने आमच्याकडून फक्त सलाम उचलला. रात्रभर उभा राहील, युनियन करणार नाही, उलट बोलणार नाही, एवढ्याला ते शिस्त म्हणत होते. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने नेली, सुदैवाने काही झाले नाही. त्या महिन्याचा माझा पगार मात्र झाला नाही.

सगळेच मालक असे होते असे म्हणणार नाही. एसटीने लष्करी ड्रायव्हरांचे स्टिअरिंग ओळखले, बँकांत राखीव जागांवर गेलेले लेखनिक सुखाने निवृत्त होत आहेत, रेल्वेने फाटकांवर माजी सैनिक घेतले. काही ठिकाणी अडचण खरी कायद्याची होती. माझा एक मित्र सैन्यात नर्सिंग असिस्टंट होता, उंचावरच्या चौक्यांवर डॉक्टर पोचेपर्यंत माणसे जगवलेला. पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही, म्हणून रुग्णालयाने त्याला परिचारक म्हणून घ्यायला नकार दिला. तो नकार चुकीचा म्हणता येणार नाही. ज्यांनी ही नोंदणीची वाट वर्षानुवर्षे बांधून दिली नाही, चूक त्यांची. शेवटी तोही त्याच रुग्णालयाच्या दारात शिट्टी घेऊन उभा राहिला.

शिर्डीचे ते दशक बाकी सगळ्या बाजूंनी भरभराटीचे होते. २००९ ला साईनगर स्थानक, त्याच वर्षी प्रसादालयाच्या छपरावर ७३ सौर तबकड्या, २०१७ च्या १ ऑक्टोबरला काकडीचे विमानतळ, मग साईबाबांच्या समाधी शताब्दीचे वर्ष. हजारो माणसांची रांग लावणे, हजारोंचा स्वयंपाक, कोठार, पाणी, वीज, वाहने, गर्दीत हरवलेले मूल शोधणे, शहराची ही सगळी कामे म्हणजे एका ब्रिगेडचा रोजचा दिवस. शेजारच्या गावांत ती कामे केलेली माणसे बसून होती. शहराने त्यांना अडसर उचलायला आणि टाकायला ठेवले.

२०२३ मध्ये साई मंदिराला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल द्यायचे ठरू लागले तेव्हा १ मेपासून बंदची हाक दिली गेली. दल हवे की नको यावर महिनाभर चौकाचौकात वाद चालला. त्यातही प्रश्न दारात कोणता गणवेश उभा राहणार एवढाच होता.

त्याच्या आदल्या वर्षीचा जून मला विसरता येत नाही. अग्निपथवरून देश पेटलेला असताना आनंद महिंद्रा यांनी जाहीर केले की त्यांचा समूह अग्निवीरांना घेईल. उत्पादनापासून प्रशासन आणि पुरवठा साखळीपर्यंत या मुलांना वाव आहे असे त्यांनी सांगितले. त्याच सुमारास भाजपचे नेते कैलास विजयवर्गीय म्हणाले की पक्षाच्या कार्यालयात सुरक्षेला माणूस ठेवायचा झाला तर ते अग्निवीराला प्राधान्य देतील. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला. पण मुलकी जग सैनिकाकडे कसे बघते, याची दोन्ही टोके त्या आठवड्यात देशाने ऐकली. मला भीती वाटते की शिर्डीच्या रस्त्यावर दुसरेच टोक खरे ठरेल.

आणि या मुलांना पेन्शन नाही. माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसची आरोग्यसेवा नाही, कँटीन नाही. १० ते १२ लाखांच्या घरातला सेवा निधी आणि एक कौशल्य प्रमाणपत्र घेऊन ती येतील. आम्हाला कमी पगार देताना जे कारण सांगितले जायचे, ते यांच्याबाबतीत उरलेलेच नाही. मग आता यांना पूर्ण पगार मिळणार का? की सेवा निधीवर बोट ठेवून तोच हिशोब पुन्हा मांडला जाणार?

अमेरिकेत सैन्यातल्या पदाचा संकेतांक टाकला की त्याला मिळतीजुळती मुलकी कामे दाखवणारी सरकारी व्यवस्था आहे. आपल्याकडे काहीच नाही असे नाही. पुनर्वास महासंचालनालयाने लष्करी ट्रेड आणि मुलकी ट्रेड यांची बरोबरी सांगणारी यादी केव्हाच केलेली आहे. माझ्या क्लास वन ट्रेडचे काय करायचे ते त्या हॉटेलमालकाला कळत नव्हते, कारण ती यादी दिल्लीतून त्याच्या टेबलापर्यंत कोणी पोचवलीच नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने ती मराठीत छापून शिर्डीतल्या प्रत्येक हॉटेलात, साखर कारखान्यात, रुग्णालयात आणि औद्योगिक वसाहतीत नेऊन द्यावी. जिल्ह्यात आता संरक्षण साहित्याच्या कारखान्यांची चर्चा आहे. रणगाड्याचे सुटे भाग जिथे बनतील तिथे रणगाडा दुरुस्त केलेला माणूस यंत्रावर हवा, ही माझी मागणी आहे.

येणाऱ्या मुलांच्या घरी मी निरोप धाडला आहे. युनिट सोडण्याआधी ट्रेड, केलेले कोर्स, हाताळलेली वाहने आणि उपकरणे, सगळे सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. आमच्या वेळी कित्येकांच्या कागदावर फक्त जनरल ड्युटी असे लिहिलेले होते आणि त्याचा फायदा ठेकेदारांनी घेतला. पगाराचे बोलणे घरच्या पैशावर येऊ देऊ नका. आणि मालकांना सांगणे हे की जाहिरातीतल्या प्रत्येक पदापुढे सैन्यातला अनुभव धरला जाईल असे लिहा. रक्षकाची जागाही यादीत राहू द्या. ज्याला ती आवडेल तो घेईल, आठ तासांची, आठवड्याच्या सुट्टीसह आणि त्या कामाच्या पूर्ण पगारावर.