माळाची ओळख: वऱ्हाडातील गवत आणि विरळ रान

सारखी माती, सारखा ओलावा आणि सारखे हवामान असलेल्या ठिकाणी वनस्पतींच्या ज्या जाती पुन्हा पुन्हा एकत्र आढळतात, त्यांच्या मेळाला वनस्पतिशास्त्रात ‘समुदाय’ म्हणतात. वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत असे अनेक समुदाय फार थोड्या अंतरात एकमेकांशेजारी नांदतात, कारण पूर्णेचे सपाट खोरे आणि त्याच्या उत्तरेची गाविलगडची डोंगररांग यांच्या दरम्यान मातीची खोली, उतार, निचरा आणि पाऊस ही सर्वच अंगे काही कोसांत बदलत जातात.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तेथील काळी माती अतिशय खोल आणि चिकण असून भूजल खारे आहे. उन्हाळ्यात या मातीला रुंद भेगा पडतात आणि त्या कोवळी मुळे तोडून टाकतात, म्हणून बाभूळ आणि हिवर यांसारखी चिवट काटेरी झाडेच येथे टिकाव धरतात. शेतांच्या धुऱ्यांवर मारवेल उगवतो, तर खणून काढूनही पुन्हा फुटणारा कुंदा शेतकऱ्याला सर्वांत जास्त छळतो. खोऱ्यातून वर चढले की मुरमाड बरड लागते. तेथे माती वीतभरही नसते आणि पावसाळ्यानंतर ओलावा झपाट्याने आटतो. पवन्या, शेडा, डोंगरी आणि कुसळी ही गवते आणि त्यांत दूर दूर उभी असलेली बोर, खैर, हिवर व पळस ही झाडे मिळून जो माळ होतो, तो या बरडाचाच. डोंगराच्या खडकाळ, कोरड्या उतारांवर सालई, धावडा, मोई आणि रोहन यांचे विरळ रान आहे. जेथे माती थोडी साचते आणि पाण्याचा निचराही होतो, तेथे सागाचे राज्य सुरू होते व त्याच्या सोबतीला ऐन, तेंदू, लेंडिया, तिवस आणि बांबू येतात. नाल्यांच्या ओलीत अर्जुन, जांभूळ आणि करंज उभे राहतात. पाऊस एकच पडला तरी उतारावरचे आणि नाल्यातले रान वेगळे दिसते, यावरून मातीची खोली किती निर्णायक आहे हे कळते.

या वनस्पतींची सरकारी वर्गवारी प्रथम झाली ती उपयोगाच्या दृष्टीने. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर तेथील सरकारी वनांचे तीन वर्ग ठरविण्यात आले: इमारती लाकूड व जळण देणारी वने, वैरणीसाठी राखलेली कुरणे आणि गुरे चारण्याची मोकळी राने. या वर्गवारीत जमिनीवर काय उगवते यापेक्षा तिच्यातून काय मिळते याला महत्त्व होते. तरीही तिची एक गोष्ट आजच्या वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे, ती ही की, गवताला तिच्यात स्वतंत्र स्थान होते.

शास्त्रीय वर्गीकरणाचा पाया हॅरी चॅम्पियन यांनी 1936 मध्ये घातला आणि एस. के. सेठ यांच्यासह त्यांनी 1968 मध्ये त्याची सुधारित मांडणी केली. भारतातील वनांचे 16 मुख्य गट पाडणारी ही पद्धत वनविभागात आजही प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार गाविलगडच्या रांगेतील मेळघाटची वने दक्षिणेकडील उष्णकटिबंधीय शुष्क पानगळी वनांत मोडतात. हवामान आणि वनाची बाह्य ठेवण यांवर आधारलेली ही पद्धत सागाच्या रानाला चांगली लागू पडते, परंतु माळाशी आली की ती अडखळते. विशिष्ट हवामानात, कोणी हात लावला नाही, तर जमीन क्रमाक्रमाने अखेर एका ठराविक वनापर्यंत पोहोचते, या गृहीतकावर ती उभी आहे. त्या अखेरच्या स्थितीला ‘चरम समुदाय’ म्हणतात. साहजिकच शुष्क झुडपी रान आणि शुष्क गवताळ प्रदेश यांची नोंद तिच्यात वनाच्या अवनत अवस्था म्हणून झाली आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी 1926 मध्येच या विचाराला हरकत घेतली होती आणि प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे पसरते, समुदायांच्या सीमा धूसर असतात, असे प्रतिपादन केले होते. पूर्णेपासून गाविलगडापर्यंतची वनस्पती पाहता त्यांचे म्हणणे बरेचसे पटते.

गवताकडे गवत म्हणून पाहणारे वर्गीकरण दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केले. भारताच्या गवताळ आच्छादनाचे त्यांनी पाच प्रकार केले आणि दख्खनचे पठार, त्यासोबत वऱ्हाडही, सेहिमा–डायकँथियम या प्रकारात घातले. सेहिमा म्हणजे पवन्या व शेडा यांची प्रजाती आणि डायकँथियम म्हणजे मारवेलची. चराईचा ताण वाढत गेला की ही रुचकर बहुवर्षायू गवते मागे हटतात, त्यांच्या जागी कुसळी वाढते आणि शेवटी हलकी वर्षायू गवते तेवढी उरतात. कुसळीच्या दाण्याचे लांब कुसळ दमट हवेत पिळा सोडते आणि कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते. या हालचालीने दाणा मातीत शिरतो आणि वणव्यातून वाचतो. त्यामुळे एखाद्या माळावर कोणते गवत किती आहे, एवढे मोजले तरी त्या जमिनीवर आजवर काय गुदरले याचा अंदाज बांधता येतो.

येथे एक ऐतिहासिक अडचण आहे आणि तिचा पुरेसा विचार होत नाही. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला अपूर्व मागणी आली, पाठोपाठ रेल्वे आली आणि नांगराखाली येण्याजोगी काळी जमीन कपाशीखाली गेली. खोल मातीवरचा मूळ गवताळ समुदाय त्यामुळे आज धुऱ्यांवर आणि नाल्यांच्या काठांवर तुकड्यातुकड्यांनीच सापडतो, आणि ‘वऱ्हाडचा माळ’ म्हणून जो तपासला जातो तो मुख्यतः बरडावरचा, म्हणजे नांगराने नाकारलेल्या जमिनीवरचा असतो.

जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये असा युक्तिवाद केला की, आशियातील ज्या खुल्या रानांत जमिनीवर सलग गवत असते, त्यांना वन न म्हणता सॅव्हाना, म्हणजे झाडे आणि गवत यांचा संमिश्र प्रदेश, मानले पाहिजे. उष्ण प्रदेशातील या गवतांना भरपूर ऊन लागते आणि दाट सावलीत ती तग धरत नाहीत. म्हणून त्यांच्या अनेक जाती एखाद्या प्रदेशात रुजलेल्या असतील, तर तेथे मोकळे आकाश फार जुने असले पाहिजे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय द्वीपकल्पातील सॅव्हानांमध्ये केवळ येथेच आढळणाऱ्या 206 वनस्पती नोंदल्या गेल्या. वन तुटून कालपरवा तयार झालेल्या जागेत अशा जाती निर्माण होत नाहीत. अर्थात प्रत्येक माळ प्राचीन असतो असेही नव्हे: मेळघाटातील कोहा, कुंड आणि बोरी या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या शेतांवर तयार झालेली कुरणे अलीकडची आहेत, आणि म्हणूनच जुना माळ व नवे कुरण यांतील भेद जातींच्या यादीवरूनच करावा लागतो.

हा भेद कागदावरचा नाही. भारतीय वन सर्वेक्षण झाडांच्या छत्राची घनता मोजते. दहा टक्क्यांहून कमी छत्र असलेली वनजमीन ‘झुडपी’ ठरते आणि तिच्यातील गवत या मोजणीत धरले जात नाही. गावोगावच्या ई-क्लास जमिनी महसुली दप्तरात गुरचरण असल्या, तरी बोलण्यात त्या पडीकच असतात. मग तेथे खड्डे खणून रोपे लावली जातात किंवा अतिक्रमण होते. अकोला आणि वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात येणारा तणमोर हा पक्षी मात्र उंच गवतातच उड्या मारून मादीला साद घालतो, आणि त्याच्या जागा फासेपारधी समाजाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहेत.

अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींची कांबळे व प्रधान यांनी केलेली सूची आणि मेळघाटच्या वनस्पतींवरील ढोरे व जोशी यांचा ग्रंथ, दोन्ही 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. अशा सूची कोणत्या जाती आहेत हे सांगतात. समुदाय ओळखण्यासाठी त्या जाती कोणाच्या संगतीने आणि किती प्रमाणात वाढतात हेही कळावे लागते. त्यासाठी ठराविक मापाचे चौरस आखून त्यातील प्रत्येक जातीचे आच्छादन लिहितात आणि शेकडो चौरसांचे तक्ते जुळवून नेहमी सोबत येणाऱ्या जातींचे गट वेगळे काढतात. हे काम गवताला तुरे आलेले असताना, भाद्रपद ते कार्तिक एवढ्याच अवधीत करता येते, कारण तुऱ्याशिवाय पवन्या आणि कुसळी नेमकी ओळखणे कठीण असते आणि माघापर्यंत माळ चरून, कापून किंवा जळून गेलेला असतो. झाडांची मोजणी बाराही महिने होऊ शकते; वऱ्हाडच्या रानाची माहिती सागाच्या बाजूला झुकलेली का राहिली, याचे एक साधे कारण हेही आहे.