बदाम, सिंह आणि बाण

माढ्याच्या दक्षिणेला, आज मोहोळ तालुक्यात असलेल्या आष्टीच्या माळावर २० फेब्रुवारी १८१८ रोजी घोडदळाची झुंज झाली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे लढता लढता पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. खुद्द जनरल स्मिथच्याही डोक्याला तलवारीचा वार लागला. इंग्रजांच्या बाजूने २२ वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासचं घोडदळ होतं. अशा स्वारांकडे तलवार-पिस्तुलाच्या जोडीला एक आखूड बंदूक असे. तीच कडाबीन. आज तिला सगळे कार्बाइन म्हणतात. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर किंवा संग्रहालयाच्या कपाटात अशी बंदूक दिसली, तर तिच्या अंगावरच्या खुणा वाचता यायला हव्यात, कारण तिचा जन्मदाखला तिथेच ठोकलेला असतो.

आधी तिची ठेवण पाहा. पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी ३९ इंचांची, तर घोडदळाच्या पॅजेट कडाबिनीची जेमतेम १६ इंचांची. घोड्यावर बसून बार ठासताना गज निसटला की बंदूक निकामी, म्हणून पॅजेटचा गज नळीच्या तोंडाशी बिजागरीने कायमचा अडकवलेला असे. डाव्या अंगाला एक लोखंडी दांडी आणि तिच्यावर सरकणारी कडी. खांद्यावरच्या पट्ट्याचा आकडा या कडीत अडकवला की दौडतानाही बंदूक पडत नसे. नळी कापून आखूड केलेल्या बंदुकाही जुन्या बाजारात कडाबीन म्हणून खपवल्या जातात. त्यामुळे दांडी आणि कडी, किंवा निदान त्यांच्या भोकांच्या खुणा, आधी शोधाव्यात.

आता बंदुकीच्या घोड्याखालची पट्टी. तिच्यावर पत्त्यांतल्या बदामासारखी आकृती, तिचे चार भाग, आत कंपनीची इंग्रजी आद्याक्षरं आणि वर इंग्रजी ४ सारखं चिन्ह दिसलं, तर माल ईस्ट इंडिया कंपनीचा, आणि तोही साधारण १८०८ च्या आधीचा. त्यानंतर बदाम गेला आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह आला. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं आणि कंपनीच्या खुणेची जागा राणीच्या मुकुटाने घेतली. म्हणजे नुसतं चित्र ओळखता आलं तरी बंदुकीचा काळ बराचसा हाती लागतो.

‘टॉवर’ ही अक्षरं दिसली की ती लंडनच्या टॉवरमध्येच घडवली, असं अनेकजण धरून चालतात. तसं नसतं. सुटे भाग बहुतेक बर्मिंगहॅमच्या कारागिरांचे असत. तपासणी आणि जुळणी सरकारी. पुढे खासगी व्यापाऱ्यांनीही विक्रीच्या बंदुकांवर हाच शब्द सर्रास ठोकला. त्यापेक्षा नळीवरचे शिक्के जास्त भरवशाचे. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती डागून पाहत आणि टिकली तरच शिक्का मारत. बर्मिंगहॅमचं असं परीक्षागृह १८१३ मध्ये सुरू झालं. तिथला मुकुटाखाली फुलीसारख्या ठेवलेल्या राजदंडांचा शिक्का असेल, तर नळीची परीक्षा त्या वर्षानंतरचीच.

पितळी भागांवरचे पलटणींचे आकडे तर फार बोलके. आष्टीला लढलेली २२ वी ड्रॅगून्स १७९४ मध्ये उभी राहिली ती २५ वी म्हणून. १८०२ मध्ये तिला २२ हा क्रमांक मिळाला आणि १८२० मध्ये ती मोडली. आपल्या पूना हॉर्सचंही तसंच. मुंबई घोडदळाची चौथी पलटण १९०३ मध्ये ३४ वी पूना हॉर्स झाली, आणि पुढे १९२१ च्या सुमारास ३३ वी व ३४ वी एकत्र होऊन १७ वी पूना हॉर्स घडली. ४, ३४ की १७, एवढ्यावरून पिढी कळते.

बाणाचं टोक दिसलं तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्ता. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थानच्या सेवेतली. आणि दोन बाण एकमेकांच्या टोकाला टोक लावून उभे असतील, तर ती सरकारने विकून टाकलेली.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी खूण मात्र शिक्का नाहीच. १८५७ नंतर हिंदी शिपायांना एन्फिल्ड दिली ती आतून गुळगुळीत नळीची. बाहेरून पाहिलं तर गोऱ्या शिपायाच्या रायफलीची सख्खी बहीण. पण आतले आटे नाहीत, त्यामुळे गोळी दूरवर नेम धरून जात नाही. नळीच्या तोंडात विजेरीचा झोत टाकला की राज्यकर्त्यांचा अविश्वास उघड दिसतो. एवढा स्पष्ट पुरावा कागदोपत्रीसुद्धा क्वचितच मिळेल.

काडतुसंही वाचावीत. मार्टिनी-हेन्री कडाबिनीचा धक्का खांद्याला झेपेना, म्हणून तिचं काडतूस वेगळं केलं: रायफलीच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू, हिच्यात ७०, आणि गोळीही हलकी. काडतुसाच्या बुडावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ दिसलं तर ते पुण्याजवळच्या खडकीचं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा.

खुणा फक्त साहेबाच्याच असतात असं नाही. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या कित्येक शस्त्रांवर देवनागरीत कोरलेलं आहे की, महाराजा अनूपसिंहांच्या काळात, १६८९ साली अदोनीच्या लढाईत ती हाती लागली. शस्त्र, गाव, साल, सगळं एका ओळीत.

नकलाही ओळखाव्यात. खैबर खिंडीच्या परिसरातले कारागीर हुबेहूब बंदुका घडवत, पण इंग्रजी वाचता येत नसल्याने अक्षरं उलटी पडत. ‘एन’ हमखास चुके. व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. तेव्हा तिची आद्याक्षरं आणि शेजारी १९०५ साल असेल, तर पुढे पाहायची गरज नाही. कडा धारदार, पितळ नवंकोरं आणि लोखंडावर सगळीकडे सारखाच गंज असेल तरी शंका घ्यावी.

आता कळकळीचं सांगणं. ठासणीच्या जुन्या बंदुका अनेकदा बार भरलेल्या अवस्थेतच भिंतीवर राहिलेल्या असतात, आणि ती काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटू शकते. म्हणून घोडा ओढून पाहू नका, नळीवर विस्तव-उष्णता नको, आणि बार काढायचं काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्या. राख, वाळू, चिंच, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नका. पुसट शिक्का एकदा घासला की कायमचा गेला. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलकेच घासा, ठसा उमटेल. अंधारात विजेरी तिरपी धरून फोटो काढा. आकडे, अक्षरं, भोकं, सगळं लिहून ठेवा.

कायद्याची बाजूही पाहा. दुरुस्त करूनही डागता न येणाऱ्या पुराण्या शस्त्रांना १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सवलत आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे घरात ठरवू नका. पोलीस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि १९७२ च्या कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

माढा, मोहोळ, करमाळा, बार्शी या पट्ट्यातल्या कुणाच्या घरी अशी कडाबीन असेल, तर भंगारात टाकण्याआधी तिच्या खुणांचे फोटो काढून जवळच्या संग्रहालयाला किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. आणि ती घरात कुणी, कुठून, कधी आणली, हे आजी-आजोबांना आजच विचारून लिहून ठेवा.