इस्तंबूलचे पेले आणि व्यापाराचा धडा

इस्तंबूलच्या कपालीचार्शी या छताच्या बाजारात दुकानात पाय ठेवला की भाव विचारण्याआधी चहा येतो. गालिचेवाला असो की तांब्याची भांडी घडवणारा कारागीर, रीत एकच. कंबर बारीक असलेला, कान नसलेला काचेचा छोटा पेला, बशीत साखरेचे खडे, दूध अजिबात नाही. दोन मजली किटलीत वर कडक चहा, खाली उकळते पाणी. ज्याला जसा हवा तसा मिसळून द्यायचा. टांगत्या तबकात पेले घेऊन पोरे गल्लीबोळांतून पळत असतात. अनेक बाजारांत दुकानदार चहावाल्याकडून बिल्ले आधीच विकत घेऊन ठेवतो आणि पेल्यामागे एक बिल्ला देतो. उधारीची वही नाही, सुट्ट्यांची कटकट नाही!

हा चहा तिथला जुना नव्हे. जुना मान कॉफीचा. पहिल्या महायुद्धानंतर येमेन हातचे गेले आणि कॉफी परदेशी माल झाली. मग काळ्या समुद्राच्या काठी रिझे भागात चहाची लागवड वाढवली गेली; १९४७ साली तिथे कारखाना सुरू झाला. आज माणशी चहा पिण्यात तुर्कस्तान जगात आघाडीवर आहे.

वेफा मोहल्ल्यात १८७६ पासून एकाच घराण्याचे बोझाचे दुकान आहे. बोझा म्हणजे धान्य शिजवून, आंबवून केलेले दाट, आंबटगोड पेय. वर दालचिनी आणि फुटाणे. आंबवल्यामुळे त्यात अल्कोहोलचा थोडा अंश उतरतो, शिळा झाला की वाढतो. उस्मानी काळात त्यावर बंदीही आली होती. आमचे मन राजी झाले नाही. फुटाणे खाल्ले आणि बाहेर पडलो.

थंडीत बोस्फोरसच्या काठी मिळतो तो गरम सालेप. आपल्या अत्तार-पन्साऱ्याकडची सालम मिश्री म्हणजे याच जातीची चीज. रानातल्या ऑर्किडचे कंद सुकवून, दळून, दुधात शिजवतात. एक किलो भुकटीला हजाराहून जास्त कंद लागतात आणि कंद खणला की रोप गेलेच. मागणी वाढली तशी राने ओस पडू लागली. सरकारने रानकंदांच्या निर्यातीला बंदी केली. आज गाड्यांवर मिळतो तो बहुतेक पिष्ठ आणि सुगंध घातलेला नकली माल. गिऱ्हाईक नाव अस्सल मालाचे ऐकते आणि दाम नकलीला मोजते.

व्यापारी बांधवांनो, दोन्ही पेले समोर ठेवून पाहा. चहावाल्यांनी आधी मळे लावले, मग बाजार वाढवला. सालेपवाल्यांनी रानाचे मुद्दलच खाल्ले. लाकूड, मध, जडीबुटी, मासळी, आपला माल कोणताही असो, नफा मोजताना मुद्दल शाबूत आहे ना, एवढे पाहावे. बरकत तिथेच राहते.