वरच्या मजल्यावर वायफाय कसं पोहोचवाल?

मोमिनपुऱ्यात घरं अरुंद, पण दोन-तीन मजली. राऊटर खाली बैठकीत आणि मुलगी ‘नीट’चा अभ्यास करते वरच्या खोलीत. ऑनलाइन टेस्ट मध्येच अडकली की अब्बू नेटवाल्यावर चिडतात. पण बहुतेक वेळा अडचण मधल्या स्लॅबची असते. काँक्रीट आणि सळ्या सिग्नल अडवतात.

मग लोक रिपीटर आणतात. तो मिळालेला कमजोर सिग्नलच पुढे देतो. साध्या रिपीटरमध्ये वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा कॅट-६ केबल वर न्या. ती १०० मीटरपर्यंत चालते. फक्त विजेच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका.

वर घरातलाच जुना राऊटर लावा. आधी त्याच्या सेटिंगमध्ये दोन कामं करा. मुख्य राऊटरचा आयपी १९२.१६८.१.१ असेल, तर याला त्याच मालिकेतला, पण दुसऱ्या कुठल्याही उपकरणाला न मिळणारा आकडा द्या. मग डीएचसीपी बंद करा. नाहीतर दोघेही पत्ते वाटतात आणि नेट अडकतं. केबल ‘लॅन’ पोर्टमध्येच लावा, ‘वॅन’मध्ये नाही.

उरलेल्या पोर्टमध्ये प्रिंटर, कॉम्प्युटर जोडता येतो. टेस्टच्या दिवशी लॅपटॉपही वायफायऐवजी तिथेच केबलने जोडा. खर्च फक्त केबलचा, आणि मुलीचा पेपर मध्येच थांबण्याची भीती बरीच कमी.