गाडीत बाळाचे तोंड मागे हवे

वाराणसीच्या दूधविनायक मोहल्ल्यात मोटार शिरत नाही. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, दूधविनायक या पट्ट्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तिथली तान्ही मुले गल्लीत कडेवर फिरतात, फार तर स्कूटरवर. मोटारीशी गाठ पडते ती मैदागिनच्या चौकात बाहेर पडल्यावर. बाबतपूरच्या विमानतळावर जायचे असते किंवा विंध्याचलला. भाड्याची गाडी येते, सामान डिकीत जाते आणि बाळ आजीच्या मांडीवर. घरची गाडी नसल्यामुळे कारसीटचा प्रश्न आपला नव्हेच, असे या घरांना वाटले तर नवल नाही. पण महामार्गावरची टक्कर गाडी घरची की भाड्याची, हे बघत नाही.

मांडीचा हिशेब आधी करू. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी समोर आदळली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, असे धरा. हे सारे सेकंदाच्या सुमारे सात शतांश भागात उरकते. तेवढ्यात 8 किलोच्या बाळाला थांबवायला जवळपास 160 किलो वजन पेलण्याइतके बल लागते. आजी राहू द्या, बनारसच्या आखाड्यातला पहिलवानही ते बाळ धरून ठेवू शकणार नाही. दोघांना मिळून एकच पट्टा बांधणे तर त्याहून वाईट, कारण मग आजीच्या अंगाचा सगळा भार पट्ट्यावर बाळाला दाबतो.

आता तोंड मागेच का? नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, मोठ्या माणसाचे सातवा-आठवा हिस्सा. एवढे जड डोके पेलणारी मान मात्र अजून घडायची असते. जन्मतः मणक्याचे हाडाचे भाग कूर्चेने जोडलेले असतात. मानेचा दुसरा मणका तर साधारण 3 ते 6 वर्षांच्या दरम्यान एकजीव होतो. बाळ पुढे तोंड करून बसले असेल, तर टक्कर होताच पट्टे खांद्यांना धरतात, डोके मात्र पुढे जात राहते. मान ताणली जाते. बाळाचा कणा जितका ताण सोसून लांबतो तितका आतला मज्जारज्जू लांबू शकत नाही, आणि धोका तिथेच आहे. मागे तोंड असले, की समोरून टक्कर होताच डोके, मान आणि पाठ एकदमच सीटच्या कवचात दाबली जातात. बल सगळ्या पाठीवर पसरते, मान एकटी ओढली जात नाही. जीवघेण्या टकरींत समोरून होणाऱ्या टकरींचा वाटा मोठा असतो, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा.

ही युक्ती स्वीडनचे वाहतूक-सुरक्षा संशोधक बर्टिल आल्डमन यांची. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर झेलत. ते पाहून आल्डमन यांनी तोच विचार बाळाच्या सीटला लावला. 1964 साली पहिल्या नमुन्याची चाचणी झाली, 1972 साली व्होल्व्होने अशी सीट बाजारात आणली. स्वीडनमध्ये मुले चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसणे आजही सर्वसाधारण आहे.

विज्ञानाच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. 2007 साली ‘इंज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकातल्या एका निबंधामुळे मागे तोंड करून बसणे ‘पाचपट सुरक्षित’ हा आकडा जगभर पसरला. 2011 साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दोन वर्षांपर्यंत मागे तोंड ठेवण्याची शिफारस केली. पुढे त्या निबंधाच्या आकडेमोडीत दोष निघाला आणि 2017 साली तो मागे घेतला गेला. फेरतपासणीत दिसले, की गंभीर इजा झालेली मुले मागे आणि पुढे तोंड असलेल्या दोन्ही गटांत इतकी थोडी होती की फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरत नाही. मग शिफारस सैल झाली का? नाही. 2018 साली अकादमीने दोन वर्षांची अट काढली ती सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा, असे सांगण्यासाठी. शरीररचना, डमींवरच्या चाचण्या आणि स्वीडनचा अनुभव यांचा कौल बदललेला नव्हता. ‘पाचपट’ विसरावे, सीट विसरू नये. युरोपच्या आर-129 नियमाने 15 महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे केले आहे.

आपला कायदाही गप्प नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194-ब आले. 14 वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर 1,000 रुपये दंड. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलासाठी सुरक्षा-पट्टा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम फेब्रुवारी 2023 पासून आहे. गल्लीतल्या स्कूटरला तो तितकाच लागू. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या गाड्यांच्या टक्कर-चाचणीत गाडीला मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे मिळतात. नवी गाडी घेताना तेही बघावेत.

पाय दुमडतात म्हणून आयाबाया लवकर सीट फिरवतात. मुलांना मांडी घालून बसायला काही वाटत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते! खरी चूक थंडीत होते. पौष-माघात काशीतले बाळ स्वेटरवर स्वेटर घालून निघते, वरून पट्टे घट्ट दिसतात आणि टकरीत लोकर दबून ते ढिले पडतात. जाड कपडे काढून पट्टे आवळावेत, इतके की खांद्यावर चिमटीत पट्ट्याची घडी येऊ नये. मग वरून शाल घालावी. तान्ह्याची सीट पुरेशी कललेली असावी, हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंडाची सीट कधीही ठेवू नये, कारण उघडणारी पिशवी थेट सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते.

पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून काशीला येणाऱ्यांनी सीट सोबत आणावी. गाडी ठरवताना मागच्या सीटला चालू पट्टे आहेत ना, हे आधी विचारा. सीट घेताना एआयएस-072, आर-44 किंवा आर-129 या बालआसनांच्या मानकांपैकी एकाची खूण बघा. खूण नसेल तर ती सीट घेऊ नका.