पाण्यातील प्राणवायू आणि लायोश विंक्लर

नदीचे पाणी बाटलीत भरले की ते फार काळ नदीचे राहत नाही. हे वाक्य एखाद्या कवीचे वाटेल. वस्तुतः ते रसायनशास्त्राचे आहे. पाण्यातील सूक्ष्म जीव विरघळलेला प्राणवायू वापरीत राहतात, आणि बाटली उघडी राहिली तर बाहेरचा प्राणवायू आत शिरतो. प्रयोगशाळा गाठेपर्यंत मोजावयाची वस्तूच बदललेली असते. ती वस्तूही किती अल्प! 25 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. मासे जगतात ते त्यावर.

ही अडचण हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंक्लर (1863–1939) यांनी सोडविली. बुडापेस्टच्या विद्यापीठात काम करीत असता त्यांनी 1888 मध्ये आपली रीत प्रसिद्ध केली, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. तत्पूर्वी पाणी उकळून त्यातील वायू बाहेर काढावे व त्यांचे आकारमान मोजावे लागे. ते काम नदीकाठी होणारे नव्हते. विंक्लर यांनी प्राणवायू बाहेर न काढता पाण्यातच बांधून टाकला. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनीजच्या क्षाराचे द्रावण आणि अल्कयुक्त आयोडाइड घालून बूच लावले की साका बनतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी होतो. (पांढराच राहिला तर पुढे मोजण्यासारखे काही उरत नाही!) मग आम्ल घातले की साका विरघळून प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते, आणि ते सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे छायाचित्रकारांच्या 'हायपो'ने, मोजता येते. स्टार्चचा निळा रंग नाहीसा झाला की काम संपले. 200 मिलिलिटर पाणी आणि 0.025 नॉर्मल हायपो घेतल्यास ब्युरेटवरील मिलिलिटरचा आकडा हाच लिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा ठरतो.

रीत निर्दोष नव्हती. सांडपाण्यातील नायट्राइटही आयोडीन मोकळे करते. म्हणजे दूषित पाणीच चांगले भासण्याचा धोका. 1925 मध्ये आल्स्टरबर्ग यांनी सोडियम अझाइड वापरून तो दूर केला.

पाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याची 'बी.ओ.डी.' चाचणीही याच रीतीवर उभी राहिली. एका बाटलीतील प्राणवायू लगेच मोजायचा, दुसरीतील काही दिवस अंधारात ठेवून. दोहोंतील फरक म्हणजे जीवाणूंनी खाल्लेला प्राणवायू. थंड देशांत ही मुदत 20 अंशांवर 5 दिवसांची असते, आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवसांची. नदीस्नानास योग्य पाण्यात प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम असावा, असे आपल्याकडील मानक आहे.

आता पाण्यात बुडवून लगेच वाचता येणारे मापक मिळतात. परंतु त्यांची पडताळणी विंक्लर यांच्याच रीतीने केली जाते. बाटली भरण्याचे काम मात्र हातानेच होते. नळी तळापर्यंत नेऊन पाणी संथपणे वर चढू द्यावे लागते. 300 मिलिलिटरच्या बाटलीत 1 मिलिलिटर हवेचा बुडबुडा अडकला तरी उत्तर जवळजवळ 1 मिलिग्रॅमने वाढू शकते. चाराचे पाच होतात, आणि स्नानास अयोग्य पाणी कागदावर योग्य ठरते.